दोन थेंबांमागचं इंजिनिअरिंग

लेखाला सुरुवात करण्याआधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, आणि मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घावरून गाडी घसरते. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला इंग्लिशमध्ये लिहायचा नव्हता, कारण तो ज्यांच्यामुळे डोक्यात आला ते माझे मोठे बाबा इंग्लिश वाचत नाहीत.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. ते चालतात तेव्हा उजवा हात उजव्या गुडघ्यावर दाबून धरतात. हात काढला की पाय दुमडतो. लहानपणी मला ती त्यांची स्टाईलच वाटायची, आणि मी तशी नक्कल करून चालले म्हणून एकदा आईचा मारही खाल्ला आहे. गावात आधी त्यांचं एस.टी.डी. बूथ होतं, आता झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान आहे.

त्यांचा जन्म १९८० चा. दोन वर्षांचे असताना ताप आला, कुणीतरी इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. आजी आजही म्हणते, "माह्या लेकराचा पाय त्या सुईनं गेला. चांगला खेळत होता बाप्पा!" मला पूर्वी हे अडाणीपणाचं वाटायचं. मग वाचलं तर कळलं की आजी अगदीच चूक नाही. पोलिओचा विषाणू आधीच शरीरात असताना स्नायूत इंजेक्शन दिलं तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा धोका वाढतो. रोग विषाणूचाच, पण सुईने त्याला वाट करून दिलेली असू शकते. आजीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तवा कुठं होते तुमचे ते दोन थेंब?"

आजीच्या या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

दोन थेंब तेव्हा होते, पण बोरी अरबला नव्हते. भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९७९ मध्ये त्यात तोंडाने द्यायची पोलिओची लस आली. पण ती मुख्यतः शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत. जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवायचा सार्वत्रिक कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने देशभर पसरायला १९९० उजाडलं. मोठे बाबा तोपर्यंत दहा वर्षांचे झाले होते. म्हणजे लस तयार होती, ती बनवायची कशी हे माहीत होतं, आणि तरीही त्यांचा पाय गेला. मधे जे नव्हतं ते म्हणजे नियोजन, आणि नियोजन हा आपला, म्हणजे इंजिनिअरांचा प्रांत आहे असं मला वाटतं. (मेडिकलवाल्यांनी रागावू नये.)

आता थोडं जगाकडे बघू. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की २००० सालापर्यंत जगातून पोलिओ नाहीसा करायचा. त्या वर्षी १२५ देशांत मिळून साधारण साडेतीन लाख मुलं पोलिओने अधू होत होती. त्याआधी १९८५ मध्येच रोटरीने 'पोलिओप्लस' नावाने पैसा उभारायला सुरुवात केली होती. मग जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेची सी.डी.सी. आणि रोटरी यांनी मिळून मोहीम उभी केली, पुढे त्यात गेट्स फाउंडेशन आणि 'गावी' ही संस्था आली. भारतातल्या लशीसाठी जपान आणि जर्मनीने अनुदान दिलं, जागतिक बँकेने कर्ज दिलं, आणि नंतर नंतर बहुतेक खर्च भारत सरकारने स्वतः उचलला.

हजार रोगांतून पोलिओच का निवडला? याला कारणं आहेत. हा विषाणू फक्त माणसात राहतो. डासात नाही, जनावरात नाही. म्हणजे माणसांतली साखळी तोडली की त्याला लपायला जागाच नाही. लस स्वस्त, सुई नको, डॉक्टर नको, दोन थेंब कुणीही पाजू शकतं. एवढं वाचून वाटतं की काम सोपं आहे. पण मेख अशी की विषाणू शिरलेल्या साधारण दोनशे मुलांतून एकालाच लकवा होतो. बाकीची १९९ हसत-खेळत असतात आणि शौचावाटे विषाणू पसरवत असतात. मोठे बाबा १९८२ मध्ये आजारी पडले तेव्हा आसपासच्या गावांत तो किती पोरांच्या पोटात असेल याचा विचार करून बघा. त्यांतल्या कुणालाच काही कळलंही नसेल.

म्हणूनच 'पल्स'. नेहमीच्या लसीकरणात आज या मुलाला, पुढच्या महिन्यात त्या मुलाला असं चालतं, आणि विषाणू लस न मिळालेल्या पोरांतून उड्या मारत पुढे जात राहतो. त्याऐवजी पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी, आधीचे डोस झाले असोत वा नसोत, लस पाजायची. सगळ्यांच्या आतड्यांत एकदम लशीचा सौम्य विषाणू बसला की जंगली विषाणूला जागा मिळत नाही. ही कल्पना आपली नाही. ब्राझीलने १९८० पासून असे राष्ट्रीय लसीकरण दिवस घेतले. १९९४ मध्ये अमेरिका खंड पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दिल्लीत पल्स पोलिओ झाला आणि ९ डिसेंबर १९९५ ला देशभर. सुरुवातीला तीन वर्षांखालची मुलं, मग पाच वर्षांखालची.

'दो बूंद जिंदगी की' आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलंय आणि आपल्या सगळ्यांच्या डाव्या करंगळीला कधी ना कधी ती काळी खूण झालीय. पण त्या रविवारच्या आधी काय काय घडलेलं असतं, हे मला ३ मार्च २०२४ ला कळलं. मी फर्स्ट इयरला होते, आजीकडे गेले होते. मोठे बाबा दर पोलिओ रविवारी बूथवर जाऊन बसतात. त्यांचं काही काम नसतं. बसतात, आणि कुणी पोराला आणायला कुरकूर केली तर आपला पाय दाखवतात. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले आणि उगाच बसण्यापेक्षा पोरांच्या करंगळ्या रंगवायचं काम घेतलं.

बूथवर एक निळं खोकं होतं. त्याला व्हॅक्सिन कॅरियर म्हणतात. आत चार बाजूंना चार आइसपॅक आणि मध्ये लशीच्या कुप्या. एका कुपीत २० डोस. समजा एका गावात पाच वर्षांखालची ६०० मुलं आहेत. थोडी लस सांडणार, एखादं पोर थुंकणार, म्हणून दहा-अकरा टक्के जास्त धरायची. म्हणजे ६६६ डोस, म्हणजे ३४ कुप्या. एका कॅरियरमध्ये १६ ते २० कुप्या मावतात, म्हणजे दोन कॅरियर, आठ आइसपॅक. ते आइसपॅक आदल्या दिवशी गोठलेले हवेत, म्हणजे डीप फ्रीजर हवा, म्हणजे वीज हवी. सगळ्या तालुक्याचे आइसपॅक एकाच रात्री गोठवता येत नाहीत, म्हणून ते आधीच्या काही दिवसांत गोठवून साठवावे लागतात. हे झालं एका गावाचं. देशाच्या एका फेरीत १७ कोटींच्या आसपास मुलं आणि वीस लाखांहून जास्त पाजणारे हात असत. आपल्याला प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या पेपरात पाच मशीन आणि सहा जॉब दिले तर घाम फुटतो!

या सगळ्याला शीतसाखळी म्हणतात, कोल्ड चेन. पोलिओची लस उष्णतेला फार हळवी. राज्याच्या आणि जिल्ह्याच्या साठ्यात ती उणे २० अंशाला ठेवतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशांत. आता विदर्भातलं ऊन आणि दोन हजारच्या दशकातलं आमच्याकडचं लोडशेडिंग आठवा. खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. मग लस कशी टिकली? तर तिथे साधा फ्रीज नव्हता. तिथे आइसलाईन्ड रेफ्रिजरेटर होता, ज्याला आरोग्य केंद्रात सगळे आय.एल.आर. म्हणतात. त्याच्या भिंतींत पाण्याच्या नळ्या किंवा पॅक असतात. वीज असते तेव्हा ते पाणी गोठतं, वीज गेली की तो बर्फ आतली थंडी धरून ठेवतो. दिवसाच्या २४ तासांतले ८ तास वीज मिळाली तरी त्याचं भागतं. आणि त्याचं झाकण वर असतं, समोर दार नसतं. कारण थंड हवा जड, समोरचं दार उघडलं की ती पायावर सांडते. वरचं झाकण उघडलं तर ती तळाशीच बसून राहते. थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी हे एक उदाहरण दिलं असतं तर माझ्या बॅकलॉगमधला एक तरी विषय कमी झाला असता. असो.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट त्या कुपीवर होती. लेबलवर एक जांभळट गोल आणि गोलाच्या आत फिकट चौकोन. आशाताई प्रत्येक कुपी उघडण्याआधी डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "व्ही.व्ही.एम. हाय ते. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असंल तर पाजायची. सारखा झाला का फेकायची."

व्ही.व्ही.एम. म्हणजे व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर. चौकोनात एक रसायन असतं, डायअ‍ॅसिटिलीन जातीचं. उष्णता मिळाली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात आणि रंग गडद होतो. ही क्रिया उलटी फिरत नाही. खोकं दुपारी एस.टी.च्या टपावर तापलं आणि संध्याकाळी पुन्हा फ्रीजमध्ये गेलं, तर थर्मामीटर संध्याकाळी सगळं ठीक दाखवेल. चौकोन मात्र दुपार विसरत नाही. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आर्‍हेनियसचं समीकरण पाठ केलं होतं ना, तापमान वाढलं की क्रियेचा वेग कसा वाढतो ते? तेच समीकरण इथे दोनदा वापरलंय. लस खराब होण्याचा वेग आणि रंग गडद होण्याचा वेग, दोन्ही जुळवून घेतले आहेत. पोलिओच्या लशीवरचा शिक्का ३७ अंशांना साधारण दोन दिवसांत शेवटाला पोहोचतो. कमी हळव्या लशींना वेगळा, तीस दिवसांचाही शिक्का असतो.

'पाथ' या अमेरिकन संस्थेने या कल्पनेवर १९७९ च्या सुमारास काम सुरू केलं आणि १९९६ पासून युनिसेफच्या पोलिओ लशीवर हा शिक्का आला. मला यात विशेष हे वाटतं की तो वाचायला अक्षर यावं लागत नाही, आकडा यावा लागत नाही, वीज लागत नाही. जिनिव्हात बसून ज्यांनी हे आखलं त्यांनी शेवटी कुपी कुणाच्या हातात असेल याचा विचार केला होता. आणि आधी 'शंका आली तर फेका' म्हणून चांगली लसही फेकली जायची, ती वाचली ते वेगळंच.

गंमत म्हणजे थंडीसुद्धा जास्त झाली की चालत नाही. पोलिओची लस गोठली तरी चालते, पण त्रिगुणी किंवा हिपॅटायटिस-बीची गोठली की निकामी. म्हणून त्या लशींसाठी आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच खोक्यात ठेवायचा नसतो. बाहेर ठेवायचा आणि कानाशी नेऊन हलवायचा. आत पाण्याचा डुबुक आवाज आला की मगच आत. इतकी साधी गोष्ट, पण विसरली की अख्ख्या गावाची लस वाया आणि वरून ती दिसायला चांगलीच!

लस पाजून झाली की संपलं असं नाही. रोग खरंच गेला का, हे कसं कळणार? १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकारने राष्ट्रीय पोलिओ पाळत प्रकल्प सुरू केला. पद्धत अशी की पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, मग कारण काहीही वाटो, की कळवायचं. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, तेही लकव्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. आपल्याकडे ती मुंबईत परळला, हाफकिनच्या आवारात होती, एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटर. पुढे ती पुण्याच्या एन.आय.व्ही.चं मुंबई युनिट झाली. लुळेपणा पोलिओशिवाय इतर कारणांनीही होतो, लाखात एक-दोन मुलांना दरवर्षी होतोच. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याने 'आमच्याकडे एकही केस नाही' कळवलं तर कौतुक होत नसे, उलट चौकशी व्हायची. काहीच सापडत नाही म्हणजे तुम्ही शोधत नाही! आपल्या क्वालिटी कंट्रोलच्या भाषेत सांगायचं तर इन्स्पेक्टरलाच तपासायची सोय. २००१ पासून मुंबईत गटाराच्या पाण्याचीही तपासणी सुरू झाली, म्हणजे एकही मूल आजारी नसताना विषाणू शहरात आलाय हे कळायला लागलं.

हे सगळं करूनही २००० ची मुदत हुकली. २००२ मध्ये भारतात १६०० मुलं पोलिओने अधू झाली, त्यातली बहुतेक उत्तर प्रदेशात. कारण शोधता शोधता लक्षात आलं की दाट वस्ती, उघडी गटारं, सततची हगवण यामुळे तिथल्या पोरांच्या पोटात लस नीट रुजतच नव्हती. दहा-दहा डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ होत होता. शिवाय तीन प्रकारच्या विषाणूंची एकत्र लस पाजली की त्यांची आपसात स्पर्धा. त्यातला दुसरा प्रकार तर १९९९ मध्येच जगातून गेला होता. म्हणून २००५ मध्ये एकाच प्रकारची लस आणली, २०१० मध्ये दोन प्रकारांची. आणि जी मुलं कुठल्याच यादीत नसतात, वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली, स्टेशनवरची, त्यांच्या वेगळ्या याद्या केल्या. २००९ मध्ये ७४१ केसेस, २०१० मध्ये ४२ (महाराष्ट्रातही तेव्हा मालेगावला विषाणू सापडला होता), आणि १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एक. ती शेवटची. २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही तर सगळी यशोगाथा. मलाही तसंच वाटत होतं. पण बूथवर एक बाई आली, कडेवर नऊ-दहा महिन्यांचं पोर, धापा टाकत होतं. तिने थेंब पाजून घेतले आणि आशाताईंना म्हणाली, "हे तं तुम्ही घरापर्यंत आणून देता. याचा खोकला कोण पाहीन?" आशाताईंनी तिला तिथेच थांबवून श्वास मोजले आणि आरोग्य केंद्रात पाठवलं. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. उत्तर प्रदेश-बिहारमध्येही लोकांनी अगदी हाच प्रश्न विचारला होता. घरात पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि तुम्ही दर महिन्याला त्याच दोन थेंबांसाठी दार वाजवता, ते का? काही गावांनी तर लस नाकारली. शेवटी २००९ मध्ये सर्वात अडचणीच्या १०७ ब्लॉकसाठी योजना केली, तिच्यात पोलिओबरोबर पाणी, स्वच्छता, हगवण, नेहमीचं लसीकरण हेही घेतलं. माझ्या मते हे खूप आधी व्हायला हवं होतं. बाहेरचा पैसा एका रोगाच्या नावाने येतो तेव्हा माणसंही त्या एका रोगाला जुंपली जातात, आणि मुलं तर न्यूमोनियाने आणि हगवणीने जास्त मरत असतात.

यावर दुसऱ्या टोकाने विचार केलेलं काम आपल्या विदर्भातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीला 'सर्च' ही संस्था सुरू केली. आधी गावात मुलं कशाने मरतात ते मोजलं, मग काय करायचं ते ठरवलं. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे श्वास मिनिटाला किती ते मोजावे लागतं. पण गावातल्या सुईणीला मोजणी येते १२ पर्यंत, फार तर २० पर्यंत. मग काय, तिला गणित शिकवायचं? त्यांनी तसं केलं नाही. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असं एक यंत्र केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांपेक्षा मोठ्या मुलासाठी चार हिरवे मणी आणि पाचवा लाल, तान्ह्यासाठी पाच हिरवे आणि सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले, न्यूमोनियाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. मग नवजात बाळांची घरच्या घरी काळजी. त्याचा १९९९ चा निष्कर्ष, ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यालाही परदेशी संस्थांचा पैसा होताच, पण प्रश्न कुठला सोडवायचा हे गडचिरोलीत ठरलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली आणि २०११ पासून आपल्या आशाताई त्या करतात. व्ही.व्ही.एम.चा चौकोन आणि हा लाल मणी मला एकाच घराण्यातले वाटतात.

आणि मदत नेहमी तिकडून इकडेच येते असंही नाही. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला मेंदूज्वराच्या साथी यायच्या. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की डोस पन्नास सेंटच्या आत हवा, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. म्हणजे आधी किंमत ठरली आणि मग लस! २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले, मोठ्या परदेशी कंपन्या त्या किमतीला तयार होईनात, आणि ती लस शेवटी आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली आणि त्या 'ए' प्रकारच्या साथी जवळजवळ थांबल्या. पुढे २०१२ मध्ये तर ती लस ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाशिवाय नेता येईल अशी मान्यता मिळाली. म्हणजे शेवटच्या गावापर्यंत निळं खोकंच नको!

आता आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या, मळमळ, सगळ्यांना यवतमाळच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. सुदैवाने मुलं बरी झाली. तिघांना निलंबित करण्यात आलं. टीव्हीवर आठवडाभर आमच्या जिल्ह्याचं नाव होतं आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून हसत होते. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. कोरोनाच्या दिवसांत बूथच्या टेबलावर सॅनिटायझर ठेवायला सांगितलं, पण ते कुठे ठेवायचं आणि त्याची बाटली कशी असावी, याचा विचार वरच्या कुणी केला होता का? मेकॅनिकलला आपण 'पोका-योके' शिकतो. चूक करणंच अशक्य होईल अशी रचना करायची, जसा सिमकार्डचा एक कोपरा कापलेला असतो. ज्या मोहिमेने अक्षर न वाचता कळेल असा चौकोन कुपीवर लावला, त्याच मोहिमेच्या टेबलावर दोन प्रकारचे 'थेंब' शेजारी शेजारी आले. चूक करणाऱ्यांची चूक होतीच, पण टेबलाचीही होती असं मला वाटतं.

आणि एक शेवटचा किचकट मुद्दा. तोंडाने द्यायची लस जिवंत विषाणूची असते. जिथे फार मुलं लशीविना राहतात तिथे तो सौम्य विषाणू पोरापोरांतून फिरत फिरत पुन्हा घातक होऊ शकतो. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच वेळी तिहेरी लस बंद करून दुहेरी आणली, आणि आपल्याकडे त्याआधी, नोव्हेंबर २०१५ पासून, मेलेल्या विषाणूचं इंजेक्शनही सुरू केलं. तरी २०२४ मध्ये मेघालयात लशीतूनच आलेल्या विषाणूचा एक रुग्ण सापडला आणि गाझामध्ये पंचवीस वर्षांनी एक बाळ लुळं झालं. जंगली विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात टिकून आहे. पाकिस्तानसाठी २०११ मध्ये एक हुशार करार झाला होता. जपानने कर्ज द्यायचं, पाकिस्तानने ठरलेली मुलं गाठली की ते कर्ज गेट्स फाउंडेशनने फेडायचं. पैसा परीक्षेच्या निकालावर! पण पैसा आटतोही. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली युएसएड ही मदत संस्थाच बंद केली. तेव्हा भारतात पोलिओ नाही तर अजून थेंब कशाला, असं विचारणाऱ्या रूममेटला मी हल्ली नकाशा दाखवते.

त्या ३ मार्चची गोष्ट अर्धीच राहिली. संध्याकाळी बूथ आवरला. पुढचे दिवस टीम घरोघरी जाते, आणि ज्या घरातली सगळी मुलं झाली त्याच्या दारावर खडूने 'पी' लिहिते, राहिलं असेल तिथे 'एक्स'. सोमवारी मी आशाताईंबरोबर तांड्यावर गेले. एका दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, हरभरा काढायला गेले, पोरगं संगंच नेलं, उद्या येतीन. ताईंनी दारावर 'एक्स' लिहिला, खाली तारीख. मला परत कॉलेजला यायचं होतं, मी मंगळवारी सकाळच्या गाडीने निघाले. रात्री मोठे बाबांना फोन करून विचारलं, त्या घराचं काय झालं?

म्हणाले, "ताई सातला गेल्या होत्या. झाला तो 'पी'. मी पाहून आलो."

त्यांच्या दुकानापासून तांडा चांगला दीड-दोन किलोमीटर आहे.